इमारतीआधी शिक्षक : किशोरांच्या व्यवसाय-परिचय उपक्रमासाठी निधी आणि मनुष्यबळ

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



कोणत्याही न्यासाच्या आयुष्यात पन्नास वर्षांचा टप्पा हा जमा-खर्चाची वही पुन्हा एकदा पहिल्या पानापासून चाळण्याचा असतो. काय उभे राहिले, काय टिकले, काय मध्येच थांबले, याचा ताळेबंद मांडूनच पुढील पन्नास वर्षांचा संकल्प करावयाचा असतो. मंदिर, स्थानक, धर्मशाळा, औषधालय, वसतिगृह, शिष्यवृत्ती या वाटांनी जैन समाजाने महाराष्ट्रात केलेले कार्य सर्वश्रुत आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय या मालिकेतील पुढची पायरी म्हणता येईल. इयत्ता सहावी ते आठवीतील मुलामुलींना निरनिराळ्या व्यवसायांची ओळख पुस्तकातून न देता प्रत्यक्ष हाताने काम करवून द्यावी, असा हा उपक्रम आहे.

या कल्पनेला विरोध करणारा मनुष्य सहसा भेटत नाही. सभेत ठराव मांडला तर तो एकमताने संमत होईल. अडते ते पुढे. पैसा कोठून आणावयाचा आणि दर आठवड्याला न चुकता मुलांसमोर उभे कोण राहावयाचे, या दोन प्रश्नांपाशी बहुतेक चांगले उपक्रम विसावतात. म्हणून कल्पनेचे गुणगान थोडक्यात आटोपून या दोन प्रश्नांचाच आज विस्ताराने विचार करणे उचित ठरेल.

सहा कर्मांचा वारसा

हा विचार समाजाला परका नाही. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी प्रजेला असी, मसी, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविल्याचे वर्णन आहे. कल्पवृक्षांचा आधार सरला तेव्हा मनुष्याने आपल्या हातांनी जगावे कसे, याचे ते शिक्षण होते. ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या दिल्याची कथा घराघरांत सांगितली जाते. म्हणजे या परंपरेत पहिले तीर्थंकर हे मोक्षमार्गाचे प्रवर्तक होण्यापूर्वी व्यवसायशिक्षणाचे आद्य गुरू आहेत आणि त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांत मुली आहेत.

जिनसेनांचा काळ राष्ट्रकूटांचा. वेरूळची जैन लेणी घडली तीही त्याच राजवटीच्या छायेत. इंद्रसभा आणि जगन्नाथसभा पाहताना भाविकाचे लक्ष जिनप्रतिमेकडे जाते, ते स्वाभाविकच आहे. परंतु जेथे काम अपुरे राहिले तेथे थांबून पाहिले, तर छिन्नीचे घाव अजून मोजता येतात. कारागिराने कोठून सुरुवात केली, कोणता भाग आधी मोकळा केला, हे तेथे बारा वर्षांच्या मुलालाही समजते. सहा कर्मांपैकी शिल्प या कर्माचा पाठ घेण्यासाठी याहून चांगला वर्ग शोधून सापडणार नाही, आणि तो छत्रपती संभाजीनगरपासून तासाभराच्या अंतरावर आहे.

या सहा कर्मांपैकी समाजाने प्रामुख्याने वाणिज्य जोपासले. त्यात यशही मिळविले. मात्र त्यामुळे घरातील किशोराच्या डोळ्यांपुढे दोनच वाटा उरल्या आहेत. एक वडिलांच्या दुकानाची गादी. दुसरी डॉक्टर, इंजिनिअर अथवा चार्टर्ड अकाउंटंट होण्याची. दुसऱ्या वाटेसाठी आठवीपासूनच शिकवणीचे वर्ग सुरू होतात. मुलाने कधी करवत धरलेली नसते, विजेचे मंडल जोडलेले नसते, मातीचा कस तपासलेला नसतो, रुग्णाची नाडी मोजलेली नसते. चाखून न पाहिलेल्या पदार्थांतून त्याला आयुष्यभराचे जेवण निवडावयास सांगितले जाते. ज्या शहराच्या चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत दुचाकीपासून औषधांपर्यंत नाना वस्तू तयार होतात, त्याच शहरातील मूल यंत्रावर वस्तू कशी घडते हे न पाहता दहावी उत्तीर्ण होते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

शासकीय धोरणाची जोड

सुदैवाने आज शासनाचे धोरणही या दिशेने वळले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सुतारकाम, विद्युतकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम अशा कौशल्यांचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा, असे म्हटले आहे. याच तीन इयत्तांच्या काळात केव्हातरी दहा दिवस दप्तराविना काढून मुलांनी स्थानिक कारागिरांच्या हाताखाली शिकावे, अशीही त्यात सूचना आहे. त्यानंतर २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कामाचे तीन प्रकार मानले गेले : सजीवांसोबतचे काम, यंत्रे व साहित्य यांचे काम आणि मानवी सेवेचे काम. एनसीईआरटीने २०२४ पासून आणलेल्या ‘कौशल बोध’ या पुस्तकमालेची रचना याच तीन प्रकारांवर आहे. दर वर्षी प्रत्येक प्रकारातील एक प्रकल्प, असे तीन वर्षांत नऊ प्रकल्प विद्यार्थ्याने करावेत, अशी ती कल्पना आहे.

धोरण आले, पुस्तकही आले. तथापि पुस्तक वाचून करवत चालविता येत नाही. शाळेत भाषा आणि गणिताचे शिक्षक आहेत. सुतार, शिंपी, परिचारिका अथवा ठिबक सिंचन जोडणारा कारागीर शाळेच्या पटावर नाही. ही पोकळी भरून काढणे एखाद्या न्यासाला शक्य आहे.

पाबळचा अनुभव

हे काम महाराष्ट्रात यापूर्वी झालेले आहे, म्हणून त्याचा अनुभव पाहणे उपयुक्त ठरते. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात दीर्घकाळ काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रमाची स्थापना केली. तेथून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम परिसरातील माध्यमिक शाळांत गेला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातील एक दिवस हाताने काम करीत. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार विभाग होते. माध्यमिक शालान्त परीक्षा मंडळाने या विषयाला मान्यता दिली आणि पुढे तो राज्यातील अनेक शाळांपर्यंत पोहोचला.

पाबळच्या अनुभवात आजच्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे, शिकविणारे निदेशक पदवीच्या कागदावरून निवडले जात नसत. काम येणारी, त्या कामावर पोट भरण्याची क्षमता असलेली स्थानिक माणसे त्यासाठी घेतली जात. दुसरी म्हणजे, मुले शिकता शिकता गावाच्या उपयोगाची कामे करीत. शाळेचे बाक दुरुस्त करणे, माती तपासून देणे, रक्तातील हिमोग्लोबिन तपासणे अशा कामांमुळे साहित्याच्या खर्चाचा काही भाग निघे आणि गावालाही त्या वर्गाचा उपयोग वाटे. साहित्याचा खर्च असा काही अंशी भरून निघू शकतो. निदेशकाचे मानधन मात्र तसे निघत नाही. त्याची तरतूद स्वतंत्रपणे आणि आधीच करून ठेवावी लागते. हाच या व्याख्यानाचा गाभा आहे.

शिकविणार कोण?

समाजातील सभांत या प्रश्नाचे ठरलेले उत्तर असते : स्वयंसेवक. समाजात डॉक्टर आहेत, वकील आहेत, उद्योजक आहेत. प्रत्येकाने महिन्यातून एक रविवार दिला तरी काम भागेल, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब कागदावर बरोबर येतो आणि दिवाळीपूर्वीच चुकतो. कारण व्यापारी समाजाचे वर्ष सरळ जात नाही. चातुर्मासात प्रवचने आणि पर्युषण, त्यानंतर दिवाळीचा हंगाम, मग लग्नसराई, मग मार्चअखेरचे हिशेब. या प्रत्येक वेळी स्वयंसेवकाची अडचण खरी असते, त्याला दोष देता येत नाही. परंतु समोर बसलेल्या वीस मुलांसाठी सलग दोन रविवार वर्ग न होणे म्हणजे वर्ग बंद पडणे होय.

धार्मिक पाठशाळेचा अनुभव याहून वेगळा नाही. ज्या गावी नियमित शिकविणारे गुरुजी अथवा बाई टिकल्या, तेथील पाठशाळा टिकली. जेथे त्यांना तुटपुंज्या मानधनावर ठेवले गेले, तेथे उत्तम सभागृह असूनही फळे-बाके धूळ खात राहिली.

यास्तव मनुष्यबळाची तीन वर्तुळे कल्पावी लागतील. सर्वांत आत एक पूर्णवेळ समन्वयक आणि दोन अर्धवेळ निदेशक, असे नियमित वेतनावरील तिघे. वेळापत्रक, साहित्याची खरेदी, पालकांशी व शाळांशी संपर्क ही समन्वयकाची जबाबदारी. प्रत्यक्ष वर्ग ही निदेशकांची. निदेशकांसाठी या शहरात शोध दूर घ्यावा लागणार नाही. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले फोरमन, आयटीआयचे निवृत्त निदेशक, इंडो-जर्मन टूल रूममध्ये प्रशिक्षण घेतलेले तरुण, शिवणकाम अथवा खाद्यप्रक्रियेचा छोटा व्यवसाय सांभाळणाऱ्या भगिनी यांतून योग्य व्यक्ती मिळू शकतात. दोनपैकी एक निदेशक स्त्री असावी. मुलींच्या सोयीसाठी ते आवश्यक आहेच. शिवाय ड्रिल यंत्र चालविणाऱ्या बाई पाहणे हा मुलग्यांसाठीही धडाच आहे.

दुसरे वर्तुळ पाहुण्या कारागिरांचे. पैठणचा विणकर, कुंभार, मुद्रक, गवंडी, रोपवाटिका चालविणारा शेतकरी, परिचारिका अशा व्यक्तींनी वर्षातून दोन-तीन वर्ग घ्यावेत. येथे एका सवयीला आवर घालावा लागेल. कारागिराला बोलावून शाल-श्रीफळ देऊन निरोप देणे म्हणजे त्याचा एका दिवसाचा रोजगार बुडविणे. त्याला दिवसाच्या मजुरीहून कमी नसलेले मानधन त्याच दिवशी हातात मिळाले पाहिजे. ज्याच्या कामाचे मोल मुलांना शिकवावयाचे, त्याच्या कामाचे मोल मुलांच्या देखतच चुकते झाले पाहिजे.

तिसरे वर्तुळ स्वयंसेवकांचे. त्यांचे खरे स्थान येथे आहे. आपल्या दुकानात, दवाखान्यात, कारखान्यात मुलांच्या गटाला दोन तास बोलावणे. सहलीला सोबत जाणे. मुलांनी घेतलेल्या मुलाखतींना मोकळेपणाने उत्तरे देणे. कोणत्या व्यवसायात काय कमावले जाते, कोणता काळ कठीण गेला, काय पुन्हा करावेसे वाटत नाही, हे अनुभवी व्यापाऱ्याने मुलांना सांगितले तर ते कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

काम येते त्याला शिकविता येतेच असे नाही, हेही ध्यानात घ्यावे. कुशल कारागीर मुलाच्या हातातील काम काढून घेऊन स्वतःच सफाईने पूर्ण करतो. त्यामुळे वस्तू चांगली होते आणि शिकणे थांबते. म्हणून वर्ष सुरू होण्यापूर्वी निदेशकांना किमान आठवडाभर एखाद्या अनुभवी शिक्षकासोबत बसवून पाठांची आखणी करून घ्यावी आणि त्या दिवसांचेही मानधन द्यावे.

सुरक्षितता आणि कायदा

बालकामगार प्रतिबंधक कायद्यात २०१६ साली झालेल्या सुधारणेनुसार चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही व्यवसायात कामाला ठेवता येत नाही. स्वतःच्या कुटुंबाच्या धोका नसलेल्या व्यवसायात, तेही शाळेच्या वेळेनंतर अथवा सुट्टीत, मदत करण्याची मुभा आहे. त्यामुळे या उपक्रमात मुले शिकणारी आहेत, राबणारी नाहीत, ही रेषा स्पष्ट असली पाहिजे. कारखान्याची भेट पाहण्यासाठी असेल, उत्पादनासाठी नव्हे. कार्यशाळेत हातहत्यारे, कमी दाबाची बॅटरीवरील मंडले, चष्मे आणि हातमोजे असावेत. वेल्डिंगसारखी कामे मुलांनी करावयाची नसून योग्य संरक्षण ठेवून दुरून पाहावयाची आहेत. दहा मुलांमागे एक निदेशक असावा. कोणत्याही वर्गात एकाच वेळी किमान दोन प्रौढ व्यक्ती उपस्थित असाव्यात. प्रत्येक निदेशकाची पोलीस पडताळणी व्हावी. या अटी खर्च वाढवितात, हे खरे. परंतु त्या टाळून वाचविलेला पैसा एका अपघातात सर्व विश्वासासह निघून जाईल.

खर्चाचा अंदाज

आता आकड्यांकडे वळू या. पुढील अंदाज केवळ उदाहरणादाखल आहे. प्रत्यक्ष दर स्थानिक चौकशीनंतर ठरवावे लागतील. एका केंद्रात १२० मुले, वीस-वीसचे सहा गट, प्रत्येक गटाला आठवड्यातून एकदा दोन तास आणि वर्षात ३० आठवडे, असे गृहीत धरले आहे. म्हणजे प्रत्येक मुलाला वर्षाकाठी ६० तास प्रत्यक्ष काम मिळेल.

समन्वयकाचे वेतन दरमहा २५,००० रुपये धरल्यास वर्षाला ३,००,००० रुपये. दोन अर्धवेळ निदेशकांना दरमहा प्रत्येकी १२,००० प्रमाणे २,८८,००० रुपये. पाहुण्या कारागिरांचे ६० वर्ग, प्रत्येकी १,००० रुपये, म्हणजे ६०,००० रुपये. साहित्य दर मुलामागे १,००० प्रमाणे १,२०,००० रुपये. बारा भेटींसाठी बसभाडे ७२,००० रुपये. विमा, सुरक्षासाधने आणि दुरुस्ती ६०,००० रुपये. एकूण वार्षिक खर्च ९,००,००० रुपये, म्हणजे दर मुलामागे ७,५०० रुपये होतो.

या हिशेबात माणसांवरचा खर्च ६,४८,००० रुपये, म्हणजे शंभरातील बहात्तर रुपये आहे. पाहणाऱ्याच्या मनात येथेच कात्री उचलण्याचा विचार येतो. निदेशक एकच ठेवू, समन्वयकाचे काम कार्यालयातील मुनीमजी पाहतील, असे सुचविले जाते. पण या उपक्रमात माणसे हाच मुख्य माल आहे. धान्याच्या दुकानात धान्यावर सर्वाधिक खर्च झाला म्हणून कोणी हळहळत नाही.

जागेचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. पाठशाळेची खोली आठवड्यातील बराच काळ मोकळी असते. हत्यारांसाठी कुलूपबंद कपाटे, सहा भक्कम मेजे आणि चांगला उजेड एवढ्यावर आरंभ करता येतो. मंगल कार्यालयाची जागा मात्र यासाठी धरू नये. पहिल्या मुहूर्तालाच वर्ग हलवावा लागेल.

पैसा कोणत्या खात्यातून?

विश्वस्तांना पडणारा सर्वांत नाजूक प्रश्न हा आहे. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत देवद्रव्याचा विनियोग मंदिर व मूर्ती यांच्या कार्याखेरीज अन्यत्र करता येत नाही. ज्ञानखात्यातील रक्कम धर्मज्ञान व ग्रंथ यांसाठी राखलेली असते आणि जीवदयेची रक्कम जीवदयेसाठीच. ही शिस्त मोडून व्यावहारिक शिक्षणाचा उपक्रम उभारणे योग्य नाही आणि तशी गरजही नाही. ज्या हेतूने दात्याने द्रव्य दिले त्याच हेतूला ते लागले पाहिजे, हा न्यासाच्या विश्वासाचा पाया आहे. अन्य परंपरांतही चतुर्विध दानाची मर्यादा आणि महत्ता दोन्ही सांगितल्या आहेत. म्हणून या उपक्रमासाठी आरंभापासूनच वेगळा निधी, वेगळे बँक खाते आणि वेगळी पावती असावी. न्यासपत्रातील उद्दिष्टांत शिक्षणाचा समावेश आहे याची सल्लागारांकडून आधी खात्री करून घ्यावी.

या निधीचे तीन झरे असावेत. पहिला झरा मूळ निधीचा, ज्याचे केवळ व्याज खर्चावयाचे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने पन्नास लाखांचा मूळ निधी उभारला आणि त्यावर सात टक्के व्याज मिळाले, तर साडेतीन लाख रुपये येतात. त्यातून समन्वयकाचे तीन लाखांचे वेतन कायमचे मार्गी लागते आणि पन्नास हजार पुन्हा मूळ निधीत जमा होतात. महागाईच्या मानाने ही भर थोडी आहे, म्हणून दर वर्षी नव्या देणग्यांची जोड द्यावीच लागेल. अशी देणगी मूळ निधीसाठी आहे असे दात्याचे लेखी पत्र घेणे आवश्यक आहे.

दुसरा झरा शुल्काचा. १२० पैकी ६० जागा समाजातील व अन्य इच्छुक कुटुंबांना वार्षिक ५,००० रुपये शुल्काने द्याव्यात. शिकवणी वर्गांना याहून अधिक देणाऱ्या पालकांना हे जड जाणार नाही. त्यातून तीन लाख येतील. उरलेल्या ६० जागा महानगरपालिकेच्या शाळांतील मुलांसाठी विनाशुल्क ठेवाव्यात आणि त्यांचे प्रत्येकी ५,००० रुपये वार्षिक दात्यांकडून घ्यावेत. हे आणखी तीन लाख. अशा रीतीने नऊ लाखांचा मेळ बसतो.

निम्म्या जागा बाहेरच्या मुलांना का, असा प्रश्न काही जण विचारतील. त्याचे उत्तर कार्यशाळेतच मिळेल. गवंड्याच्या मुलाला ओळंबा धरता येतो, व्यापाऱ्याच्या मुलीला नफ्या-तोट्याचा हिशेब येतो. एकाच मेजावर दोघे बसले तर दोघेही शिकतील, आणि हाताने काम करणाऱ्याकडे पाहण्याची समाजाची दृष्टी पुढच्या पिढीत बदलेल.

तिसरा झरा कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावी लागते आणि व्यवसायकौशल्यांचे शिक्षण त्या कार्यांच्या यादीत आहे. १ एप्रिल २०२१ पासून असा निधी घेणाऱ्या संस्थेला केंद्र सरकारकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. शहरात उद्योगांची वाण नाही, तेव्हा हा मार्ग जरूर चोखाळावा. मात्र त्याच्या मर्यादा जाणून घ्याव्यात. हा पैसा मूळ निधीत टाकता येत नाही. तो प्रकल्पावर खर्च झाला पाहिजे. शिवाय कंपनीचा नफा अथवा धोरण बदलले की पुढील वर्षी तो मिळेलच असे नाही. म्हणून कंपन्यांच्या निधीतून हत्यारे, मेजे, साहित्य आणि नवे प्रयोग करावेत. नियमित माणसांचे वेतन त्यावर अवलंबून ठेवू नये.

आणखी एक सूचना. दात्यांना आपल्या पूर्वजांचे नाव कोठेतरी कोरले जावे असे वाटते. ती भावना समजण्यासारखी आहे. खोलीला, पाणपोईला, पंख्यालासुद्धा नाव देण्याची पद्धत आहे. मग निदेशकाच्या पदाला नाव का देऊ नये? अमुक यांच्या स्मरणार्थ सुतारकाम निदेशक, तमुक यांच्या स्मरणार्थ आरोग्यसेवा निदेशक, असे फलक लागले तर दात्याची भावनाही जपली जाईल आणि संगमरवराऐवजी माणूस उभा राहील.

अहिंसेचा प्रश्नही अभ्यासक्रमात हवा

व्यवसायांची ओळख करून देताना जैन न्यासाने एक प्रश्न आपल्या बाजूने जोडावा. श्रावकाचारात पंधरा कर्मादानांचा उल्लेख आहे. कोळसा पाडणे, वने तोडणे, हस्तिदंत, लाख आणि विष यांचा व्यापार अशा ज्या उपजीविकांत हिंसा अधिक, त्या श्रावकाने टाळाव्यात, असे तेथे सांगितले आहे. आजच्या उद्योगांना ही यादी जशीच्या तशी लावता येणार नाही. परंतु या व्यवसायात कोणाला किती इजा होते आणि ती कमी कशी करता येईल, हा प्रश्न मुलांनी प्रत्येक भेटीत विचारावा. कारखान्याचे सांडपाणी कोठे जाते, शेतात किती पाणी आणि किती विष वापरले जाते, कामगाराच्या कानांना आवाजापासून संरक्षण आहे काय, हे विचारणारे मूल उद्या कोणत्याही व्यवसायात गेले तरी संस्कार सोबत घेऊन जाईल. हा प्रश्न विचारण्याचे साहस सरकारी पुस्तकाहून समाजाच्या केंद्राला अधिक शोभते.

कर्मवीरांचा क्रम

शेवटी ज्या पुरुषाचे स्मरण केल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांकडे वळणे योग्य होईल. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव पायपीट केली. त्या फिरतीत खेड्यांचे दैन्य त्यांनी जवळून पाहिले. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. त्या वसतिगृहासाठी घरोघरच्या स्त्रियांकडून मूठ-मूठ धान्य गोळा केले जाई. त्याच मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रापर्यंतचे सर्व दागिने दिले. मुलांनी कष्ट करून शिकावे, हे कर्मवीरांचे ब्रीद होते.

या कार्याचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. १९३५ साली देशभर राजाच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव साजरा होत होता. तेव्हा कर्मवीरांनी साताऱ्यात ‘सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज’ हे शिक्षक घडविणारे विद्यालय काढले. संस्थेचे पहिले हायस्कूल, महाराजा सयाजीराव हायस्कूल, त्यानंतर १९४० साली आले. म्हणजे महोत्सवाच्या निमित्ताने त्यांनी आधी शिक्षक उभे केले आणि हायस्कूल मागाहून बांधले. त्या शिक्षकांच्या बळावरच पुढे खेडोपाडी शाळा निघाल्या.

आजच्या सुवर्णमहोत्सवासमोर हाच क्रम ठेवावा, एवढीच विनंती आहे. पहिल्या वर्षी १२० मुलांचा आग्रह धरण्याचे कारण नाही. वीस मुलांचे दोन गट, दोन अर्धवेळ निदेशक आणि दहा पाहुणे कारागीर एवढ्यावर प्रारंभ करावा. मात्र त्या निदेशकांना तीन वर्षांची लेखी हमी द्यावी आणि त्या तीन वर्षांचे मानधन पहिल्या दिवशीच बँकेत बाजूला काढून ठेवावे. मुलांना गुण देऊ नयेत. प्रत्येकाची एक वही असावी; त्यात काय केले, काय जमले, काय आवडले नाही, हे त्याने स्वतः लिहावे. आठवीच्या अखेरीस एखाद्या मुलाने हे काम माझ्यासाठी नाही असे विचारपूर्वक लिहिले, तरी ते केंद्राचे यशच मानावे. चुकीच्या वाटेवर जाणारी त्याची पुढील अनेक वर्षे त्या एका ओळीने वाचलेली असतात.

सहा महिन्यांनी विश्वस्त मंडळाची बैठक भरेल तेव्हा अहवालाचे पहिले पान बांधकामाचे नसावे. किती वर्ग ठरल्याप्रमाणे झाले, निदेशकांचे मानधन किती तारखेला पोहोचले आणि कोणत्या मुलाने काय बनविले, हे त्या पानावर असावे. ते पान दर वेळी भरलेले राहिले, तर शताब्दीच्या स्मरणिकेत या निर्णयाचा उल्लेख निश्चितच आदराने होईल.